डग्गा ऐकू येतोय का?

एखादं गाणं आवडलं की ते दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोक ह्याला रसिकता म्हणतात. निदान माझ्या तोंडावर तरी म्हणतात. खरं तर मला गाणं ऐकवायचं नसतं, ऐकणाऱ्याचा चेहरा बघायचा असतो. समेवर त्याची मान डोलली पाहिजे, डोळे मिटले पाहिजेत, आणि उघडले की त्यात माझ्याविषयी आदर दिसला पाहिजे. गायलंय कोणीही असो, दाद मला हवी. ती तान जणू रात्र-रात्र जागून मीच बसवली आहे.

म्हणून ऐकवताना मी समोर बसतो. शेजारी बसलं की चेहरा अर्धाच दिसतो. चांगली जागा यायच्या आधी तर्जनी वर करतो, म्हणजे ‘आता बघ’. जागा आली की भुवया वर करतो, म्हणजे ‘बघितलंस?’ ह्या बोट-भुवयांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाला गाणं ऐकायला फारशी फुरसत मिळत नाही, ही गोष्ट निराळी. बायको म्हणते, “तू समोर असलास की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं.” ती हल्ली दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत “वा!” म्हणून मोकळी होते आणि कुकर लावायला जाते.

लोक मग सूड उगवतात. लग्नाच्या हॉलमध्ये, जिन्यात, बँकेच्या रांगेत फोन माझ्या नाकासमोर धरतात. “ऐक, ऐक, काय गायलाय!” मी ऐकतो आणि विचारतो, “डग्गा ऐकू येतोय का?” इथे बहुतेकांशी माझे संबंध बिघडतात.

पण प्रश्न रास्त आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा. त्यातून खालचे आवाज बाहेर पडतच नाहीत. तबला तेवढा टिकटिकतो, डग्गा बेपत्ता. आता ‘धा’ म्हणजे काय? उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ एका वेळी. डावा गेला की ‘धा’चा ‘ना’ होतो आणि ‘धिं’चा ‘तिं’. तीनतालात खालीच्या आसपास डग्गा मुका होतो, आणि चौदाव्या मात्रेला परत घुमायला लागला की कळतं, सम आली जवळ. फोनवर सोळाच्या सोळा मात्रा खालीच! अशा ठेक्यावर हा गृहस्थ समेला मान हलवतो ती कशाच्या भरवशावर, हे मला जाणून घ्यायचं असतं. तंबोऱ्याच्या खर्जाची तर आणखी गंमत. त्याचा मूळ स्वर फोनमधून निघत नाही; निघतात ते त्याच्या पोटातले वरचे स्वर. त्यांच्यावरून मेंदू खालचा स्वर पदरचा घालून जोडून घेतो. म्हणजे अर्धं गाणं फोन वाजवतो आणि उरलेलं आपण मनातल्या मनात गातो. एवढं मी रांगेत उभ्याउभ्या समजावून सांगतो. तोवर समोरच्याचा नंबर येतो.

माझ्या घरी असलं काही चालत नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी काय काय आणून ठेवलंय त्याची यादी देत नाही, कारण हा लेख बायकोही वाचणार आहे. शास्त्र असं की दोन स्पीकर आणि ऐकणारा ह्यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या त्रिकोणाचा तिसरा कोन नेमका स्वयंपाकघराच्या दारात पडतो. आदर्श श्रोता दारात स्टूल टाकून बसतो आणि पोळ्या बाहेर आणणाऱ्याला वाट देण्यासाठी दर दोन मिनिटांनी उठतो. शिवाय शोकेसमध्ये लग्नात आलेला काचेच्या ग्लासांचा सेट आहे. मंद्र पंचम लागला की तो गायला लागतो. पंचमाखेरीज कुठल्याही स्वराला त्याची हरकत नाही. ग्लास काढून ठेव म्हटलं तर “ते माहेरचे आहेत” असं उत्तर मिळतं, आणि विषय ध्वनिशास्त्राच्या बाहेर जातो.

त्यामुळे हेडफोन. पाहुणा आला की हळदीकुंकवाचं तबक पुढे करावं तसा मी हेडफोन पुढे करतो; पाणी नंतर. माझे हेडफोन पाठीमागून उघडे असतात, त्यांना कानावर झाकण नसतं. त्याने गाणं मोकळं वाटतं आणि आतलं सगळं बाहेरही ऐकू येतं. बाहेरच्यांना आणखी एक गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे माझं गुणगुणणं. आपण अगदी सुरात आहोत अशी माझी खात्री होती. मुलीने एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं. मी ते अजून ऐकलेलं नाही. फोनच्या स्पीकरवर मी काही ऐकत नाही, हे मी मघाशी सांगितलंच.

ह्या हेडफोनने मला एक माणूस भेटवला. माझ्याजवळ एका घरगुती मैफलीची कॅसेट आहे. बाईंचं नाव सांगत नाही. ज्यांनी कॅसेट दिली त्यांनी शपथ घातली आहे. खासगी मैफलींचा संग्रह करणारी मंडळी हा एक स्वतंत्र पंथ. आधी चहा पाजतात, मग घराणं विचारतात आणि शेवटी “फक्त तुम्हालाच हं” म्हणून प्रत देतात. हे वाक्य ते प्रत्येकाला म्हणतात. स्पूलवरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट, आणि प्रत्येक यंत्राचा वेग निराळा. बाई बहुधा काळी चारमध्ये गायल्या असाव्यात. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्या पांढरी सहा होऊन गेल्या होत्या. पण मुद्दा तो नाही. त्या मैफलीत डाव्या बाजूला, जरा मागे, एक माणूस खोकतो. साध्या टेपवर ती नुसती खरखर वाटायची. चांगला हेडफोन लावला आणि तो माणूस सदेह प्रकट झाला. आलाप रंगायला लागला की तो खोकला दाबतो, बाई षड्जावर आल्या की मोकळा खोकतो. तालाचा पक्का. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला राग सोडून तो खोकलाच ऐकवायला लागलो. “हा तपशील साध्या यंत्रावर सापडायचा नाही,” असं म्हणताना माझा आवाज किंचित खाली जातो. यंत्राची किंमत सांगायची वेळ आली की तो आणखी खाली जातो.

गाणं द्यायचं तर ते वाजवण्याची सोयही सोबत द्यावी, हे माझ्याआधी ज्यांना सुचलं त्यांचा मला कायम हेवा वाटतो. १९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. परग्रहावर कोणी राहत असेल तर त्याला ऐकवायला पृथ्वीवरचं निवडक संगीत. निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल सेगन. बाख आहे, बीथोवन आहे, चक बेरी आहे, आणि आपल्या केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. साडेतीन मिनिटांची भैरवी.

पाठवणाऱ्यांनी काय विचार केला बघा. समोरच्याकडे ग्रामोफोन असेलच असं नाही, म्हणून तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज दिलं. वरच्या झाकणावर सुई कशी टेकवायची ह्याचं चित्र कोरलं. तबकडी मिनिटाला सोळा-पूर्णांक-दोन-तृतीयांश फेऱ्यांनी फिरवायची, म्हणजे आपल्या एलपीच्या निम्म्या वेगाने. पण परग्रहावरच्याला आपलं मिनिट काय माहीत? तेव्हा एका फेरीचा वेळ हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका सूक्ष्म बदलाच्या काळात मोजून दिला. वेग चुकू नये, बाई पांढरी सहा होऊ नयेत, म्हणून विश्वातला सगळ्यात साधा अणू साक्षीला धरला! आमच्या कॅसेटपंथातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

इथवर मी त्यांना मनोमन नमस्कार करतो. पण पुढे? स्पीकर नाही. अँप्लिफायर नाही. सुई टेकवली, तबकडी फिरली, चिमुकली वीज तयार झाली. आता ती घालायची कशात? त्या प्राण्याला कान आहेत का? असले तर किती, आणि त्यांचा समभुज त्रिकोण कुठे साधायचा? त्याच्या हवेत मंद्र पंचमाला काय काय खडखडतं? ह्यातला एकही प्रश्न समितीने विचारात घेतलेला दिसत नाही. मला बोलावलं असतं तर मी हेडफोनची जोडी तरी दिली असती. जुनी.

केसरबाईंच्या बाजूनेही मी ह्यावर बराच विचार केला आहे. बाई करड्या. कोणासमोर गायचं आणि कोणाला शिकवायचं ह्याबद्दल भलत्याच चोखंदळ. आपली विद्या दिली ती धोंडूताई कुलकर्णींना. ध्वनिमुद्रणाचं त्यांना फारसं प्रेम नव्हतं. अशा बाईंची भैरवी कोणाच्या कानावर पडेल ह्याचा नेम नसताना सोडून देणं हे मोठंच धाडस. मैफलीत कोणी पान लावताना बडबडला तर बाईंनी एका नजरेत त्याला गप्प केला असता; तिथे, ताऱ्यांच्या पलीकडे, कोण गप्प करणार? व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्याही पुढे गेलंय आणि भैरवी त्याच्याबरोबर चाललीये. भैरवी ही शेवटी गायची असते, एवढी एकच गोष्ट समितीकडून बरोबर झाली.

दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या जरा जवळून ते यान जाईल त्याला अजून सुमारे ४०,००० वर्षं आहेत. म्हणजे ज्यांनी ही गाणी निवडली त्यांना ऐकणाऱ्याचा चेहरा कधीच दिसणार नव्हता, आणि हे त्यांना निवडतानाच माहीत होतं. मला हे जमणार नाही.

माझ्या मिरजेच्या आत्याला जमायचं. तिची ‘मध्यमा पूर्ण’ झालेली. विशारदच्या आधी लग्न झालं. झाकण लावलं की पेटी होणारा एक रेकॉर्ड प्लेअर तिच्याकडे होता. सुट्टीत गेलो की ती तबकडी लावायची आणि आमच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसायची. काय लावलंय ते सांगायची नाही, कसं वाटलं ते विचारायची नाही. आम्ही भांडलो तरी वळून बघायची नाही. मला गाण्याचं जे काही वेड लागलं ते त्या पाठीमुळे.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे आणि कानाला मशीन आहे. मी मोठ्या उत्साहाने हेडफोन आणि ती कॅसेट घेऊन मिरजेला गेलो. मशीनवर हेडफोन चढवताच आतून शिट्टी वाजायला लागली. मशीनचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरत होता. हेडफोन काढला. शिट्टी थांबली.

“तुझं हे राहू दे,” आत्या म्हणाली. “मला सांग, तंबोरा विझतो कसा?”

“म्हणजे?”

“अरे, सुरुवातीला ऐकू येतो. मग हळूहळू विझतो. बाई गायला लागल्या की मागे काहीच नाही. उघड्यावर गातायत असं वाटतं.”

मला कळायला वेळ लागला. ही मशीनं बोलणं ऐकू यावं म्हणून केलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज आला की त्यांना वाटतं ही घरघर आहे, आणि ती दाबून टाकतात. तिच्या मशीनने तंबोऱ्याला पंखा ठरवलं होतं. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्यांच्या मिरजेत!

आम्ही मशीनवाल्याकडे गेलो. गाण्यासाठी वेगळी योजना लावता येते, त्यात ही दाबादाबी बंद ठेवतात, असं मी वाचलं होतं. समोरचा पोरगा म्हणाला, “आजी, टीव्हीवरच्या बातम्या कळतात ना? घरातले बोललेलं कळतं ना? मग झालं तर.” आत्या काही बोलली नाही. मी मात्र बोललो, आणि जरा मोठ्यानेच बोललो. म्हाताऱ्या माणसाला बातम्या कळल्या, औषधाची वेळ कळली, दारावरची बेल कळली की आपलं काम संपलं असं आपण परस्पर ठरवून टाकतो. तिला त्याहून जास्त काही ऐकायचं असेल हे कोणी विचारतही नाही. ती नुसतंच ऐकून घेण्यासाठी उरलेली असते. त्या पोराने निमूट योजना लावून दिली. पाच मिनिटांचं काम होतं.

घरी येऊन ती मैफल लावली. आतेभावाने अमेरिकेला जाताना सोडलेली म्युझिक सिस्टीम होती, लाकडी खोक्यांचे स्पीकर, दोन्ही एकाच भिंतीला, एकाच्या डोक्यावर गणपती. त्रिकोणबिकोण काही नाही. तंबोरे सुरू झाले. मी समोर जाऊन बसलो. तर्जनी तयार ठेवली.

आत्याने डोळे उघडले. “तू जरा आत जाऊन बस बघू.”

“का गं?”

“तोंडाकडे काय बघतोस?”

मी स्वयंपाकघरात गेलो. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज पोचत नव्हता, तबलाही नाही. भिंत ओलांडून येतात ते फक्त खालचे आवाज. डग्गा तेवढा यायचा. तो ऐकत मी ओट्याला टेकून मात्रा मोजत बसलो. तिची मान कुठे हलली, कुठे नाही, काही कळायला मार्ग नव्हता. दोनदा डोकावायला उठलो आणि दोन्हीदा बाहेरूनच “बस म्हटलं ना” असा आवाज आला. कान मशीनचे, पण तीक्ष्ण.

बाजू संपल्यावर मी बाहेर आलो. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं, “कसं वाटलं?”

“बाई छान गायल्या. तंबोरा शेवटपर्यंत होता.” मग कानातलं मशीन काढून डबीत ठेवता ठेवता म्हणाली, “पण तो डावीकडचा माणूस किती खोकत होता रे. एवढी माणसं जमली होती, एकाला उठून त्याला पाणी द्यायला नको होतं?”