बॅटरीची जन्मतारीख

कसाऱ्यात धक्क्याला कुणी हसत नाही. मुंबईहून १२१ किलोमीटर दिमाखात आलेली एक्सप्रेस इथे निमूट उभी राहते, तिच्या पाठीला बँकर इंजिनं लागतात आणि दर ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ चढवून तिला इगतपुरीला पोचवतात. घाटातून रेल्वे सुरू झाली १८६५ साली. ढकलणं-ढकललं जाणं गावाच्या पार अंगवळणी पडलंय. पण म्हणून गाडीची बॅटरी बसली तरी धक्का आहेच, हा युक्तिवाद आता चालत नाही. पहाटेची लोकल गाठायला निघालेल्या माणसाला चार ढकलणारे मिळत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही. आणि हल्लीच्या गाड्यांत बॅटरी साफ मेली की पेट्रोलचा पंप आणि आतला कॉम्प्युटरही तिच्याबरोबर सती जातात. मग गाडी घाटाच्या माथ्यावरून सोडलीत तरी ती नुसती खाली येते. तेव्हा नवी घ्यावीच लागते, आणि घ्यायची म्हटली की सगळे एकच विचारतात, ‘कुठल्या कंपनीची?’ माझ्या मते हे स्थळाचं नुसतं आडनाव विचारण्यासारखं आहे. आधी जन्मतारीख विचारा.

कारण बॅटरी ही यंत्रापेक्षा भाजीच्या जास्त जवळची वस्तू आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थानं १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल यांचा संसार मांडून दिला, त्यातली मूळ कुरबुर अजून मिटलेली नाही. बॅटरी कोपऱ्यात पडून राहिली तरी आपसूक उतरत जाते, आणि उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग चार्जिंगला कितीही लावा, गेलेली ताकद पुरती परत येत नाही. उन्हानं ही झीज वाढते. तापमान १० अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. आता पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली नामांकित घराण्यातली बॅटरी आणि गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेली साध्या घरची, यांत मी साध्या घरचीला माळ घालीन. तारीख बॅटरीवरच असते; कधी छापलेली, कधी प्लॅस्टिकवर ठोकलेली, कधी सांकेतिक अक्षरांत. दुकानदाराला ती वाचून दाखवायला सांगा. ‘माल एकदम फ्रेश आहे’ हे उत्तर नव्हे. बोंबीलवालीही तेच म्हणते, पण ती निदान वास घेऊ देते. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या. अशी मिळायची शक्यता कुठे जास्त? जिथे टेम्पो, ट्रॅक्टर आणि नाशिकच्या काळ्यापिवळ्या यांची सतत ये-जा असते तिथे. त्या दुकानात बॅटरीला म्हातारं व्हायला सवड मिळत नाही.

इथे वॉरंटीवाले हात वर करतात. ३६ अधिक ३६ महिने लिहून मिळताहेत, मग तारखेचं एवढं काय? मराठी माणसानं ३६ हा आकडा दोनदा दिसला की सावध व्हावं. पहिले ३६ हे पत्रिकेतले गुण : या काळात गेली तर बदलून फुकट. दुसरा मात्र थेट छत्तीसचा आकडा : या काळात गेली तर नवीवर सवलत, तीही महिन्यामहिन्यानं घटत जाणारी आणि बहुधा छापील किमतीवर मोजलेली. छापील किमतीला बॅटरी घेतो कोण? जुनी देऊन, जरा घासाघीस करून कुणालाही जी किंमत पडते, तिच्या आसपासच तुम्ही बिल, कार्ड आणि अख्खा दिवस खर्चून पोचता. शिवाय दहा-बारा किलोचं ते धूड दाव्यासाठी कल्याणला न्यायचं असेल, तर वॉरंटीपेक्षा कंबर आधी जाते. दुकान जितकं जवळ तितकी वॉरंटी खरी. कार्ड फाडू नका मात्र. शिक्का आणि तारीख आठवणीनं घालून घ्या.

दुसरा आक्षेप दणकट मंडळींचा : ३५ अँपिअर-तासांच्या जागी जरा मोठीच बसवा ना! ट्रेमध्ये मावत असेल तर बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण कसाऱ्याच्या शहापूर तालुक्याला नुसत्या साठ्याचं कौतुक सांगू नये. भातसा आणि तानसा ही धरणं उशाशी आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतात. धरणात किती आहे यापेक्षा हंड्यात किती पडतं, हे इथलं शेंबडं पोरही विचारतं. बॅटरीतही तेच. टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड चढली की आत भरपूर असूनही सेल्फ नुसता ‘टक’ करतो, आणि पाच-सहा हजारांची नवी बॅटरी येते. वास्तविक गरम पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वर व्हॅसलिनचं बोट, एवढ्यावर भागलं असतं. म्हणून जुनीला निरोप देण्याआधी तिला मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धपोटी. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास गेला नाही, तर मेकॅनिक ज्याला डायनामो म्हणतात तोच खायला घालत नाहीये. नवी सूनही त्या घरात उपाशीच राहील. दिवसभर घाट चढउतार करणाऱ्या काळीपिवळीची बॅटरी रोज जेवते. आठवडाभर झाकून ठेवलेल्या आणि रविवारी फक्त देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीची बॅटरी लाडात वाढूनही कुपोषित असते, आणि दोष कंपनीला लागतो.

राहता राहिला टर्मिनल सोडवण्याचा प्रश्न. बहुतेक गाड्यांना त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो, आणि तो कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत कुठल्याही डिकीत आठ आणि बारा नंबरच्या मधली रिकामी जागा म्हणूनच आढळतो.