बेचाळीस किलोमीटर, चालत

मॅरेथॉन चालत पूर्ण करणार, असं कुणी सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, ‘अरे, मग पळणार कधी?’

हसणाऱ्याने कागद-पेन्सिल घ्यावी. अंतर ४२.१९५ किलोमीटर. तासाला सहा किलोमीटर ही घाम काढणारी चाल. ती एकदाही न थांबता ठेवली तरी सात तासांच्या वर जातात. पाचची चाल धरली तर जवळजवळ साडेआठ. अव्वल धावपटू सव्वादोन तासांच्या आत मोकळा होतो. उन्हात, पायांवर, जास्त वेळ कोण काढतं?

चालणारा.

ऑलिंपिकला हे केव्हाच कळलंय. चालण्याच्या शर्यती तिथे शंभर वर्षांहून जुन्या आहेत. २०२४ मध्ये पॅरिसला तर मॅरेथॉनच्याच अंतराची चालण्याची मिश्र रिले झाली. एक पुरुष, एक स्त्री, आळीपाळीने चालायचं. भारताकडून सूरज पनवार आणि प्रियांका गोस्वामी उतरले होते. सुवर्ण स्पेनने नेलं. आपल्यापैकी किती जणांनी ती शर्यत पाहिली? क्रिकेटचा सराव सामनाही आपण सोडत नाही.

आणि फौजा सिंग? २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली तेव्हा वय शंभर होतं आणि वेळ लागला आठ तास अकरा मिनिटं. म्हणजे वेग चालीचाच. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनेसने विक्रम मानला नाही. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ११४व्या वर्षी, पंजाबात आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर त्यांना गाडीने उडवलं.

बेचाळीस किलोमीटरनी त्यांचं काही बिघडवलं नव्हतं.

आता उपनगरात या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही. घराबाहेर पडा आणि फक्त पाच किलोमीटर फुटपाथवरून न उतरता चालून दाखवा. पहिल्या शंभर पावलांत दुचाकी उभी. मग खोदलेला खड्डा, मग वडापावची गाडी, मग ट्रान्सफॉर्मर, मग फुटपाथच संपलेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फुटपाथ वापरायला मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. तो हक्क रोज दुचाकीच्या स्टँडखाली असतो.

मग माणूस बागेत जातो. बोरिवलीचं सावरकर उद्यान, मुलुंडचं चिंतामणराव देशमुख उद्यान, प्रत्येक वॉर्डात अशी एखादी जागा आहे आणि रोजच्या तासाभरासाठी ती उत्तम आहे. पण लांबच्या चालीचं काय? बागेतला ट्रॅक चारशे मीटरचा धरला तर मॅरेथॉनसाठी एकशे पाचच्या वर फेऱ्या होतात. तिसाव्या फेरीला मन थकतं. शिवाय एकाच बाजूला वळून वळून घोटा कुरकुरतो तो वेगळाच.

उरतं नॅशनल पार्क.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंत साधारण सहा किलोमीटर. जाऊन-येऊन बारा. अशा साडेतीन खेपा म्हणजे मॅरेथॉन. रस्ता डांबरी, सावली दाट, शेवटी चढ. सिग्नल एकही नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, शंभराहून जास्त चौरस किलोमीटर पसरलेल्या जंगलाच्या आत, उपनगरातल्या माणसाला न थांबता तीन-चार तास चालता येतं. दुसरी अशी जागा दाखवा.

आणि वरती कोण बसलंय? कान्हेरीच्या शंभरावर लेणी. इसवी सनाच्या आधीपासून तिथे भिक्षू राहत होते. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. सगळे आले ते पायी, आणि त्यांच्यासाठी लेण्यालेण्यापाशी पाण्याची टाकी खोदलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी चालणाऱ्याला पाणी लागतं हे ठाऊक होतं. आजच्या फुटपाथवर पाण्याचा नळ शोधून दाखवा.

पण जंगल ते जंगल. बिबट्याचं घर आहे ते, आपण पाहुणे. उजाडायच्या आत एकट्याने आत शिरायचं नाही. फाटकावर लिहिलेली वेळ पाळायची. कानांत बोंडं खुपसून चालायचं नाही. केळं सोलताना आजूबाजूला बघा, माकडाचं लक्ष तुमच्या आधी पिशवीकडे गेलेलं असतं. आणि माकडाला खायला घालणाऱ्या काकांना तिथल्या तिथे थांबवा. ते त्यांना पुण्य वाटतं, माकडाला चटक लागते.

आता सरावाचं. २००४ ला सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तयारी नाताळच्या सुट्टीत सुरू करणारे बहाद्दर दरवर्षी भेटतात. त्यांना पुढचे चार दिवस जिना उलटा उतरावा लागतो.

सुरुवात गणपती बसायच्या आधी हवी. आठवड्यात एकच लांब चाल, बहुतेकांना रविवारची सोयीची. बारा किलोमीटरपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा, चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. बत्तीसपर्यंत गेलात की पुरे. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. सरळ हिशेब करा, चार महिने लागतात. चार महिने दर रविवारी लवकर उठायला घरच्यांची संमती लागते, ती आधी मिळवा.

बाकीचे दिवस? अर्धा-पाऊण तास चाला आणि जिने चढा. लिफ्ट बंद पडण्याची वाट बघू नका.

बूट रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, कारण तीन तासांनी पाऊल फुगतं. बूट घ्यायला दुकानात संध्याकाळीच जा. मोजा सुती नको. घाम पितो, ओला राहतो आणि फोड आणतो. शिवण बोटांना घासत असेल तर मोजा उलटा घाला. बोटांच्या मधे, टाचेला आणि मांड्यांना व्हॅसलीन. मांड्यांना का, हे पहिल्याच वीस किलोमीटरनंतर अंघोळीला गेलात की कळेल.

मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, नुसता वाहतो. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसली की समजा, नुसतं पाणी पुरणार नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एखादी चिक्की, दोन खजूर. महागड्या जेलच्या पुड्यांवाचून अडत नाही. पोटरीत गोळा आला की थांबा, ताणा, मग निघा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक लांब चाल नाही, आणि घरी आल्यावर तळवे उजेडात बघायचेच. न दुखणारा फोड जास्त घातक.

‘पण एवढं चालणं साध्या माणसाचं काम नाही.’

कुणी सांगितलं? सोमवारी रात्री अंधेरी-बोरिवलीकडून सिद्धिविनायकाला निघणारी माणसं पाहिली नाहीत का? बोरिवलीहून प्रभादेवी म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आसपास. अर्ध्या मॅरेथॉनपेक्षा जास्त. कित्येक जण अनवाणी. पहाटे दर्शन घेतात, पहिल्या गाडीने परततात आणि मंगळवारी कामावर हजर. त्यांच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही.

वारीतला पुणे ते सासवड हा टप्पाही असाच. दिवसभरात तीस किलोमीटरच्या वर, वाटेत दिवे घाट. सत्तरीच्या आजी तो चढतात, डोक्यावर तुळस घेऊन. त्यांना स्टॅमिना विचारा.

आणि २६ जुलै २००५? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकल ठप्प, रस्ते बुडालेले. चर्चगेट ते बोरिवली रेल्वेने ३४ किलोमीटर, सीएसएमटी ते मुलुंड ३१. हजारो माणसं त्या रात्री निघाली, छातीएवढ्या पाण्यातून, रुळांवरून, महामार्गावरून, आणि पहाटे नाहीतर दुसऱ्या दुपारी घरी पोचली. ऑफिसच्या चपलांत. पर्स डोक्यावर धरून. अनोळखी माणसांनी दारं उघडून चहा-बिस्किटं दिली, ओल्या माणसांना झोपायला जागा दिली. या उपनगरांना चालणं शिकवायला कुणाची गरज नाही.

चालायला जागा द्यायची गरज आहे.

ती कुणाच्या डोक्यात आहे? मुलुंडकराला हेच राष्ट्रीय उद्यान गॅलरीतून दिसतं, पण कान्हेरीच्या रस्त्यावर यायला डोंगराला वळसा घालून बोरिवली गाठावी लागते. आता त्या डोंगराच्या पोटातून गोरेगाव–मुलुंड आणि ठाणे–बोरिवली असे जोडबोगदे होतायत. कशासाठी? वाहनांसाठी. हजारो कोटी खर्चून गाडीचा तास वाचणार. चालणाऱ्याला मुलुंडच्या बाजूने एक राखलेलं फाटक आणि पाच किलोमीटरची पायवाट द्यायला यातले किती लागतील? वनखात्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळेत, मोजक्या माणसांसाठी. जंगलाला धक्का बोगद्याने जास्त लागतो की पावलांनी?

मुंबई मॅरेथॉनचंही तेच. ती दक्षिण मुंबईत सुरू होते, तिथेच संपते. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी, त्या रविवारी मात्र समुद्रावरून पायी जाता येतं, म्हणून ती चालावी असं मनापासून वाटतं. पण टप्प्याटप्प्यावर वेळेची मर्यादा आहे. मागे पडलात की बाजूला व्हा. रस्ता गाड्यांना परत द्यायचा असतो. तासाला साडेपाचच्या चालीने नेटाने येणारी साठीची बाई मैदान सोडते ती पाय थकले म्हणून? मुळीच नाही. घड्याळ थांबलं म्हणून.

होनोलुलूची मॅरेथॉन बघा. दर डिसेंबरात होते, वेळेची मर्यादाच नाही. चालणारे हजारोंनी येतात, शेवटचा माणूस येईपर्यंत शर्यत उघडी असते. तिथेही रस्ते आहेत, तिथेही गाड्या आहेत, तिथेही पोलिसांना घरी जायचं असतं.

मग उपनगरात एक चालण्याची मॅरेथॉन का नको? पूर्व द्रुतगती महामार्गाची एक बाजू, घाटकोपर ते मुलुंड, पहाटे चार ते दुपारी एक. डिसेंबरातला एक रविवार. नऊ तासांची मुदत, दर दोन किलोमीटरवर पाणी आणि मीठ-साखर, पाच किलोमीटरवर स्वच्छ शौचालय, बायकांसाठी वेगळं. शर्यत संपेपर्यंत रुग्णवाहिका उभी. प्रवेश फी एका सिनेमाच्या तिकिटाएवढी. सिद्धिविनायकाला जाणारे येतील, नॅशनल पार्कातले रोजचे येतील, २००५ ला पाण्यातून घरी चालत आलेल्या बायकाही लेकींना घेऊन येतील.

महामार्ग राजकीय सभांसाठी अडतो, लग्नाच्या वरातींसाठी अडतो, खड्ड्यांसाठी तर रोजच अडतो. चालणाऱ्यांसाठी एक सकाळ मागितली तर नाही कोण म्हणणार, महापालिका की वाहतूक पोलीस? ज्याला नाही म्हणायचंय त्याने लेखी म्हणावं.