आमचं गावठी लिगो

औंढा तालुक्यात रात्री गच्चीवर नळीला डोळा लावून उभ्या राहणाऱ्या माणसाला सध्या एकच पदवी मिळते: लिगोवाला. माझ्याकडे साडेचार इंची आरशाची, एका हाताने उचलता येईल अशी दुर्बीण आहे. दुधाळ्याच्या शिवारात जी ‘लिगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे, तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. माझ्या दुर्बिणीसाठी घरच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आकडा चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तरी गावाच्या लेखी आम्ही दोघं एकाच खात्यातले. पोरं मला नोकरीचे अर्ज आणून देतात. 10 जुलै 2024 ला सकाळी सकाळी हिंगोलीत भूकंप झाला, तेव्हा पत्रे वाजायचे थांबायच्या आत शेजारून हाक आली, “सर, चालू केलं का हो लिगो?”

खरं तर लिगो ही दुर्बीणच नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि वर बघायची अजिबात हौस नाही. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लहर येते, तिने या भुजांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी कमी-जास्त होते, आणि ती मोजायची. अमेरिकेतल्या दोन लिगोंना 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर सापडली, ती 130 कोटी वर्षं वाटेतच होती. (आमच्याकडे हिंगोलीहून येणारी शेवटची गाडी आठवली.) लिगोला रात्र लागत नाही, चंद्रप्रकाश आडवा येत नाही, ढगांचं सोयरसुतक नाही. मी मात्र जून ते सप्टेंबर दुर्बिणीला चादर पांघरून बसतो, आणि सारा जिल्हा ज्या ढगांची वाट बघतो त्यांना मनातल्या मनात शिव्या देतो. हे कुणाला कळलं तर गावात राहणं मुश्किल होईल.

ढगांखालोखाल वैरी म्हणजे चौकातला हायमास्ट. तो लागल्यापासून आकाशगंगा गावाबाहेर राहायला गेली. लाइट गेली की गल्लीत बोटं मोडणं सुरू होतं आणि मी दोन-दोन पायऱ्या गाळत गच्चीवर पळतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. ती भरत येतात न येतात, तोच रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला निघालेला कुणीतरी खालून बॅटरीचा झोत थेट माझ्या तोंडावर मारतो. “काय बगायलाव सर? दिसंना का? थांबा, उजेड धरतो.” आमच्या भागातली माणसं फार मदतीची.

दुर्बिणीपुढे रांग लागते ती चंद्रासाठी. माझी दुर्बीण आरशाची, त्यामुळे चित्र उलटं दिसतं. संकष्टीच्या रात्री बायका वर आल्या, तेव्हा पहिला प्रश्न हाच: उलट्या चंद्रावर उपास सोडलेला चालतो का? मी म्हटलं, दुर्बिणीतून बघा, पण अर्घ्य नुसत्या डोळ्यांच्या चंद्राला द्या. तोडगा मान्य झाला. मग विषय बदलावा म्हणून मी दुर्बीण गुरूकडे वळवली आणि 1610 मध्ये गॅलिलिओला दिसलेले त्याचे चार चंद्र दाखवले. ती मात्र नसती उठाठेव झाली. “चार?” एक काकू खडबडून म्हणाल्या. “म्हणजे तिथल्या बायांनी कोणत्या चंद्राला उपास सोडायचा?” दुसरीने सोडवून टाकलं, “पहिला जो उगवल त्याला. भूक कुठवर धरायची?” गुरूला नव्वदहून जास्त चंद्र सापडलेत हे मी पोटात ठेवलं.

शनीची गोष्ट निराळी. शनी बघायला सगळ्यांना यायचं असतं, पण आधी कुणी डोळा लावायचा यावर धक्काबुक्की होते, कारण आपण त्याच्याकडे बघितलं की तोही आपल्याकडे बघणार. त्याची दृष्टी कशी असते हे सांगायला नको. साडेसातीचा हिशेब तसा चोख आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, मागची आणि पुढची मिळून साडेसात. गणित जुन्या लोकांनी उत्तम केलं होतं, धसका पुढच्यांनी जोडला.

तर 2025 च्या नोव्हेंबरात मी गावभर सांगून ठेवलं, की या, शनीची कडी दाखवतो. ही कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद, पण जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्याही आत. साधारण पंधरा वर्षांनी ती आपल्याला अगदी कडेने दिसतात, म्हणजे जवळपास दिसतच नाहीत, आणि तो मुहूर्त नेमका त्या वर्षी होता. मला हे ठाऊक होतं, मला तेच दाखवायचं होतं. दुर्मिळ दृश्य म्हणून केवढं कौतुक! लोकांनी मात्र वाटाण्याएवढ्या पिवळट ठिपक्यात आरपार गेलेली टाचणी बघितली आणि माझ्याकडे वळून बघितलं. पुस्तकातल्या चित्रात तर केवढी कडी असते. शेवटी एका आजीने कपाळाला हात लावला. “बाबौ, समदं गेलं की त्याचं! शनीच्याच मागं साडेसाती लागली म्हना.” त्या रात्री गावात शनीविषयी जी माया पसरली, ती कुठल्याही शांतीने पसरली नसती.

शुक्राला कुणी ड्रोन समजलं, तर मात्र आम्ही मनावर घेत नाही. 2024 मध्ये मराठवाड्यातल्या गावागावांत रात्री ड्रोन फिरत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा मलाही उठवून पश्चिमेचे, पूर्वेचे सगळे दिवे तपासून घेतले. हसण्यासारखं काही नाही. लडाखमध्ये लष्कराने महिनोन्‌महिने ज्या चिनी ड्रोनची नोंद ठेवली ते शुक्र आणि गुरू निघाले, असं 2013 मध्ये छापून आलं होतं. त्यांच्यापुढे आमचे राखणदार बरे, निदान काठी घेऊन मागे तरी धावले.

एवढं होऊनही माझी खरी परीक्षा जूनमध्ये असते. मृग लागून चार दिवस झाले, पाण्याचा थेंब नाही, सोयाबीनचं बी घरात पडून. शेजारचे आप्पा गच्चीवर आले. “मिरग लागलाय म्हन्त्यात. हाय का खरंच वर? दाखवा बगू.”

मी समजावलं. आप्पा, मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला. सूर्यच त्याच्यात, म्हणून तो सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. सगळा महाराष्ट्र ज्या दिवसांत त्याच्या नावाने वर बघतो, नेमक्या त्याच दिवसांत मृग दिसत नाही. जानेवारीत या, संध्याकाळीच पूर्वेला दाखवतो, पोटातल्या बाणासकट, मागून येणाऱ्या व्याधासकट.

“जानेवारीत मिरग बगून काय करू?” आप्पा म्हणाले. “तव्हा हळद काढायची असती.”

“पण मध्ये सूर्य आहे ना, आप्पा.”

“तर काय झालं?” आप्पांचा आवाज चढला. “आपल्या नर्सीचा नामदेव औंढ्याच्या देवळामागं कीर्तनाला बसला, तर आख्खं देऊळ फिरलं. नंदी आजून मागंच हाय. आन्‌ तुमच्याच्यानं येवढा येक सूर्य बाजूला सरकवनं होईना? कसलं लिगो हो तुमचं!”