तेलाच्या थेंबाची भानगड

दोरीवरची शाल ओढली तर चटचट आवाज झाला आणि बोटाला चिमटाच बसला.

"काकू, करंट लागला हो!"

"करंट कसला, इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे झाले," कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या. तीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवलंय, त्यांना निमित्तच हवं असतं. मेथीची जुडी घेऊन त्या कुंपणाला टेकल्या, तेव्हाच मी ओळखलं, आता अर्धा तास गेला.

"किती गेले असतील?"

"अब्जावधी. पण सगळे अख्खे हं! विजेच्या भाराला सुट्टे मिळत नाहीत. मिलिकन नावाच्या शास्त्रज्ञानं मोजलंय, शिकागोत. 1909 साली. आधी पाण्याचे थेंब घ्यायचा, ते बघता बघता वाळायचे. मग त्याचा विद्यार्थी, फ्लेचर, औषधाच्या दुकानात जाऊन फवारा आणि घड्याळात घालायचं तेल घेऊन आला. धातूच्या दोन तबकड्या, वरचीला बारीकसं भोक. तेल फवारलं, वीज सोडली, की खाली येणारा थेंब अधांतरी थबकायचा! दुर्बिणीतून बघत बसायचं. भार मोजावा तर एकाच आकड्याची एकपट, दुप्पट, पाचपट. दीडपट कधी नाही."

"मग पुस्तकात फ्लेचर कुठाय?"

काकूंनी आवाज खाली आणला. "तीच तर भानगड. 1910 चा तेलाच्या थेंबांचा लेख मिलिकननं एकट्याच्या नावावर घेतला. फ्लेचरला म्हणाला, पीएचडीसाठी तू दुसरा घे. 1923 ला नोबेल मिलिकनला. फ्लेचर जन्मभर गप्प! 1981 मध्ये गेला, पुढच्या वर्षी त्याची आठवण छापून आली, तेव्हा कळलं जगाला."

"बाई, बाई!"

"आणि ऐक. त्याआधी, पाण्याच्या थेंबांच्या वेळी, एका थेंबाचा भार तीस टक्के कमी भरला होता. मिलिकननं तसं लिहिलं आणि तो थेंब सोडून दिला. पुढे 1964 मध्ये गेल-मान आणि झ्वाइग म्हणाले, प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात, त्यांचा भार तृतीयांशात."

"म्हणजे तो थेंब..."

"छे! लगेच उड्या नको मारू. क्वार्क एकटा घराबाहेर पडतच नाही. प्रोटॉनमध्ये दोन अप जातीचे क्वार्क, एक डाउन जातीचा. दोन तृतीयांश, पुन्हा दोन तृतीयांश, वजा एक तृतीयांश. झाला एक! इलेक्ट्रॉनच्या उणे एकाला तंतोतंत पुरेल असा. इतकं नेमकं कसं जमतं, ते अजून कुणाला पटेलसं सांगता आलेलं नाही."

"आणि न्यूट्रॉन?"

"एक अप, दोन डाउन. बेरीज शून्य."

"म्हणजे आत अधिक-उणे चालूच, बाहेर दाखवायला शून्य," मी म्हटलं. "अगदी आपल्या वरच्या मजल्यासारखं."

"हळू बोल," काकू मेथी निवडत पुटपुटल्या, "गॅलरीतच उभी आहे ती."