किंमत इनबॉक्स केली आहे

आपल्याकडे जावयाचा पगार, सुनेचं वय, शेजाऱ्याचं ऑपरेशन नेमकं कशाचं झालं, हे सगळं चारचौघांत विचारता येतं. गुप्त राहिली आहे ती एकच गोष्ट: फोनवर विकायला काढलेल्या साडीची किंमत.

मोरपंखी रंग, जरीचे काठ, पदरभर कोयऱ्या. 'ब्लाऊजपीससहित, फॉल-पिको मोफत, स्टॉक मर्यादित.' सगळं लिहिलेलं असतं, आकडा सोडून. मग खाली रांग लागते. 'प्राइस?' 'कितीला आहे ताई?' ज्यांना तेवढीही सवड नाही त्या नुसतं 'पीपी' लिहितात. प्राइसचा पी, प्लीजचा पी. विनयही एका अक्षरात उरकलेला. प्रत्येकीला स्वतंत्र उत्तर, लाल बदामासकट: 'ताई, इनबॉक्स केलंय.' शंभर जणींनी विचारलं तर शंभरदा. 'बाराशे' ही तीन अक्षरं एकदा लिहायचा त्रास नको म्हणून एवढं टाइप करणाऱ्या समाजाला आळशी कोण म्हणेल?

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. पण तिथे बैलाचे दात तरी उघड्यावर मोजता येतात.

इनबॉक्सची तऱ्हा आणखी वेगळी. अनोळखी माणसाचा मेसेज म्हणून तो 'रिक्वेस्ट' नावाच्या अडगळीत जाऊन पडतो. म्हणून खाली दुसरी रांग: 'ताई, आला नाही.' 'मलापण नाही.' 'आधी फॉलो करा ताई.' शेवटी सापडला, उघडला, तर आत किंमत नाहीच! आत असतं, 'नमस्कार ताई, कोणती साडी? फोटो पाठवा.' म्हणजे त्यांच्याच दुकानातला फोटो त्यांनाच पाठवायचा. पाठवला की पुढचा प्रश्न: 'तुमचं बजेट काय?'

माझं बजेट? अहो, साडी तुमची, भाव तुमचा, आणि जबानी माझी? पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत तर एकूण किंमत एका आकड्यात दाखवा, असं स्वच्छ म्हटलंय. 'इनबॉक्स' हा आकडा कितीच्या पाढ्यात येतो? खरं कारण न कळायला आपण दूधखुळे नाही. कमेंटी वाढल्या की पोस्ट वर चढते. 'पीपी' लिहिणारी बाई गिऱ्हाईक नाहीच, ती बिनपगारी जाहिरात आहे. आणि प्रोफाइलवर मुलाच्या पदवीदानाचा परदेशातला फोटो असेल, तर तीच साडी चारशेने महागत असणार, असा माझा दाट संशय आहे.

पण विचारणाऱ्यांचीही बोटं आता ऐकत नाहीत. एका मुलीने आईची पैठणी नेसून फोटो टाकला: 'आईला जाऊन आज वर्ष झालं.' खाली जोडलेले हात, 'भावपूर्ण श्रद्धांजली', पुन्हा जोडलेले हात, 'पीपी'. त्याच्याखाली, 'यात रामा कलर मिळेल का?'

एका भाबड्या विक्रेतीने ठळक लाल अक्षरांत लिहून टाकलं: '₹१,२५०, कुरिअर धरून.' पहिली कमेंट, 'प्राइस?' दुसरी, 'मलापण इनबॉक्स करा.' ती बिचारी प्रत्येकीला 'फोटोवरच लिहिलंय ताई' सांगत बसली. अखेर एका अनुभवी ताईंना राहवलं नाही. त्यांनी समजावलं: 'असा उघड भाव लिहू नका हो. फ्रॉड वाटतं.'