पानी शिरलंय!

लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या एखाद्या गल्लीतल्या रिवाइंडिंगच्या दुकानात काहीही घेऊन जा. बोअरमधून उपसून काढलेली पाणबुडी मोटार न्या, कूलरचा पंप न्या, धुताना भिजलेली स्कूटर न्या, नाही तर बादलीत पडलेला मोबाइल न्या. मिस्त्री मान वर न करता एकच सांगणार, "पानी शिरलंय."

लातूरकराच्या हे जिव्हारी लागतं. एप्रिल 2016 मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. ती बघायला फलाटावर गर्दी, कॅमेरे, घोषणा. ज्या गावात पाण्याचं असं वऱ्हाड निघतं, तिथं माझ्या स्कूटरच्या वायरिंगमध्ये ते फुकट कसं शिरतं, हा प्रश्न मी एकदा मिस्त्रीला विचारला होता. तो म्हणाला, "तुमाला दिसत नाही म्हून. त्याला वाट म्हाईत असती."

नांदेडच्या मिस्त्रीचा तोरा निराळा. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरी खरोखरच लोकांच्या उंबऱ्याशी येते. मग हा जुन्या मोंढ्यातला माणूस गच्चीवर फ्रीजच्या मोटारी, मिक्सर आणि इन्व्हर्टर असे ओळीनं वाळत घालतो, की खाली एखादी बाई पापडाचं पातेलं घेऊन येईल असं वाटावं. लातूरचा मिस्त्री त्याला मनातून मानतो, पण म्हणतो, "त्येंचं सोपं हाय. पूर आला तर आंधळ्यालाबी पानी दिसतं."

आमच्या मिस्त्रीच्या दुकानात एक मीटर खिळ्याला टांगलेला असतो. तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता. खरा भरवसा सिरीज बोर्डावरच्या शंभर वॅटच्या बल्बवर. वायरची दोन टोकं मोटारीला लावली, बल्ब भकभकला तर एक अर्थ, मंद लागला तर दुसरा, आणि मोटारीच्या अंगाला टोक लावल्यावरही लागला तर, "बॉडीला करंट उतरलाय. पानी शिरलंय." हाच बल्ब रात्री ओल्या मोटारीच्या पोटात ठेवून तो वाइंडिंग शेकतो. बाळंतिणीला शेगडी द्यावी तसा.

त्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी होते.

"भिजल्यावर चालू करून बघितलाव का?"

"नाही हो."

"किती येळा?"

"...दोन-तीनदा."

"म्हंजी धा." मग भाच्याकडं वळून, "लिही. जळालेली."

आयटीआय केलेला हा भाचा शास्त्र सांगतो की शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. मामा हेच वीस वर्षं वेगळ्या शब्दांत सांगतोय, "पावसाचं पानी माफ करतं, बोअरचं करत नाही." शिवाय ओली वस्तू पाण्यानं मरत नाही, ओली असताना बटन दाबल्यानं मरते. आधी बॅटरी सोडवायची, मग बाकीचं. मोबाइल तांदळात पुरून आणणाऱ्याला तो तांदूळ परत देतो, "ह्याची खिचडी करा, बेगीन."

मला हा माणूस बरीच वर्षं नुसता ठोकताळेबाज वाटायचा. सांगितलेल्या दिवशी त्यानं कधी काही दिलं नाही, आणि निदान तर कायमचं ठरलेलं. माझं मत बदललं ते जेट स्कीमुळे.

औसा रस्त्यावर शेत असलेल्या एका तरुण कंत्राटदारानं कोकणातून जुनी जेट स्की आणली. बसायची नव्हे, उभ्यानं चालवायची. चालवायची कुठं, तर शेततळ्यात. तीस मीटर लांबीच्या तळ्यात ती सुरू केली की लगेच वळवावी लागायची, आणि वळवली की हा पाण्यात. चौथ्या दिवशी ती बंद पडली. टेम्पोत घालून दुकानात आली तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली.

मिस्त्रीनं तिच्याभोवती एक फेरी मारली. समुद्र त्यानं फक्त सिनेमात बघितलेला. "शीट कुठाय?" "नसते." "म्हंजी उभी लुना." टू-स्ट्रोक इंजिन निघाल्यावर तर त्याचा चेहराच फुलला. उपमा काही वाईट नव्हती. लुना 1972 ची आणि कावासाकीनं जेट स्की बाजारात आणली 1973 साली. एका वर्षाच्या अंतराची भावंडं, एक जमिनीवर वाढलं, एक पाण्यात.

दोन्ही प्लग काढून स्टार्टर मारला तेव्हा सिलिंडरमधलं पाणी पिचकारीसारखं भाच्याच्या शर्टावर आलं. मामानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. निदान बोलायचीही गरज नव्हती. पण प्लग वाळवून अंगाला टेकवले तरी ठिणगी नाही. एकालाही नाही. "दोन्ही एकदम मरत नसत्यात. दोघांचा मालक मेलाय."

मालक म्हणजे विजेचा बंद डबा. आत सीडीआय, कॉइल, रिले. मिस्त्रीनं आठ स्क्रू काढून झाकण उघडलं. रबर शाबूत, आत थेंब नाही. भाचा हळूच म्हणाला, "मामा, कोरडा हाय."

गल्ली गप्प झाली. वीस वर्षांचं एकच निदान, आणि डबा कोरडा ठणठणीत.

मिस्त्रीनं बिडी पेटवली. मग डब्यातून निघणारी एक वायर बोटानं धरून तो हँडलपर्यंत चालत गेला, ओढ्याचा उगम शोधावा तसा. तिथं बंद करायचं बटन. ते दाबलं की वायर बॉडीला मिळते आणि ठिणगी मरते. त्यानं ती वायर सोडवली. "मार स्टार्टर." दोन्ही प्लगवर निळी ठिणगी चटचटली. बटन उघडलं तर आत हिरवट-पांढरी साय धरलेली. म्हणजे कुणी न दाबताच ते कायमचं दाबलेलं. त्यानं बोटावर चिमूटभर घेऊन सरळ जिभेला लावलं.

"पानी शिरलंय," तो थुंकत म्हणाला. "पर आपलं नव्हं. समुद्राचं हाय."

ते बटन त्यानं गोड्या पाण्यानं धुतलं, ब्रशनं घासलं, ब्लोअरनं वाळवलं, ग्रीसनं भरलं. पाणी शिरलेल्या वस्तूवर पुन्हा पाणी ओतताना बघून भाच्याचं शास्त्र डळमळलं, पण मीठ काढायला दुसरा उपाय नसतो. इंजिन दहाच सेकंद चालवून बंद केलं, कारण हे यंत्र भोवतालच्या पाण्यानंच थंड होतं. कंत्राटदाराला ताकीद दिली, "ही खालून पानी वडती. तळ्याचा कागद वडून घेईल, मंग मोटारबी गेली आन् तळंबी." वहीत नोंद झाली, "उभी गाडी – पानी – 350".

मार्चात ते शेततळं आटलं. जेट स्की चालू स्थितीत मिस्त्रीच्या दुकानामागं पत्र्याखाली उभी आहे. कुणाला हवी असल्यास दुकानात चौकशी करावी. पाण्याची सोय ज्याची त्यानं बघायची.