कोपराला गूळ

२०२४ चा डिसेंबर. सासरे नाशिकहून आमच्याकडे बॉस्टनला आले होते. एका शनिवारी त्यांना केस कापायला घेऊन गेलो. दुकानात तीन खुर्च्या, सहा माणसं आणि एकच भांडण. बाहेर पारा शून्याखाली, आत प्रत्येकाच्या हातात बर्फ घातलेली कॉफी. (हे बॉस्टनचं खास आहे. इथे थंडी वाजते, पण ती कबूल करायची नसते.)

बाबांनी हळूच विचारलं, "मॅच कुणाची चालू आहे?"

"कुणाचीच नाही. पुढची मॅच मार्चच्या शेवटी."

"मग हे भांडतायत कशावर?"

"इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघानं कुठला पिचर, म्हणजे गोलंदाज, घ्यावा, यावर."

"घेणार कोण? हे?"

"नाही. मालक."

"आणि पैसे?"

"तेही मालकाचेच."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लग्न दुसऱ्याच्या घरी आणि मानपान यांचा."

वीस वर्षं मी हा खेळ पाहतोय. इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव होतो. २०२३ च्या डिसेंबरात दुबईत मिचेल स्टार्कवर २४ कोटी ७५ लाखांचा हातोडा पडला. त्या रात्री घरोघरी जेवताना "एवढे पैसे?" झालं आणि सकाळी लोक कामाला लागले. बेसबॉलमध्ये हातोडा नाही. बाजार नोव्हेंबरात भरतो तो फेब्रुवारी उजाडला तरी उठत नाही. रोज एक वावडी. हा इकडे येतोय, तो तिकडे दिसला, त्याच्या बायकोला म्हणे समुद्र आवडतो. उन्हाळ्यात १६२ सामने होतात, पण चाहत्यांचा खरा हंगाम हाच. सामन्यात निदान निकाल तरी लागतो. हिवाळ्यात कुणीच हरत नाही, त्यामुळे कुणीच गप्प बसत नाही.

संध्याकाळी बाबांना टीव्हीवर जुनी क्षणचित्रं दाखवली. पहिलाच चेंडू पाहून ते खुर्चीतून उठले. "हा फेकतोय! कोपर बघ कोपर!" उभा जन्म क्रिकेटमध्ये गेलेला माणूस, मुरलीधरनच्या पंधरा अंशांवरून त्यांनी एका व्याह्याशी वर्षभर अबोला धरला होता. त्यांना सांगितलं, बाबा, आपल्याकडे कोपर वाकून सरळ झालं की नो-बॉल. इथे त्याच झटक्याचे कोट्यवधी डॉलर मिळतात.

आणि तिथेच गोम आहे. पिचर विकत घेतात म्हणजे काय विकत घेतात? कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटासा स्नायुबंध. तो तुटला की मनगटाकडून कंडरा काढून तिथे ओवतात. फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरनं १९७४ मध्ये हे पहिल्यांदा केलं. पण शस्त्रक्रियेला नाव मिळालं ते पेशंटचं, टॉमी जॉनचं. असा मान क्वचितच एखाद्या रोग्याला मिळत असेल. टॉमी जॉन परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आता बरी झालेली कोपरं बाजारात इतकी आहेत, की न फाटलेलं कोपर दिसलं की लोकांना संशय येतो: याचं अजून व्हायचंय की काय! चेंडूचा वेग वाढत चाललाय. सरासरी वेगवान चेंडू २००८ मध्ये ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ९४ च्या पुढे गेला. कोपर मात्र माणसाचंच राहिलं.

खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बैल घेताना शेतकरी निदान तोंड उघडून दात मोजतो. इथेही मोजतात, यंत्रात घालून. तरी जे व्हायचं ते होतंच.

बॉस्टनचा पिचर ख्रिस सेल, त्याचंच पाहा. २०१८ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची लढत, शेवटचा चेंडू, समोर मॅनी मचाडो. सेलनं त्याला गुडघ्यावर आणलं आणि अख्खं बॉस्टन रस्त्यावर आलं. पुढच्या मार्चमध्ये मालकांनी कृतज्ञतेनं पाच वर्षांचे १४ कोटी ५० लाख डॉलर त्याच्या नावे केले. हा करार २०२० पासून लागू व्हायचा होता. २०२० च्या मार्चमध्ये सेलच्या कोपरावर शस्त्रक्रिया. २०२२ मध्ये आधी बरगडी मोडली, मग यांकी स्टेडियमवर परतून आलेल्या चेंडूनं बोट मोडलं आणि शेवटी सायकलवरून जेवण आणायला जाताना पडून मनगट. डब्याला निघालेला माणूस प्लास्टर घालून परत आला. या काळात न्हाव्याच्या दुकानात सेलचं नाव निघालं की लोक त्याला कोपरापासून नमस्कार करत. त्याच्याच कोपरापासून.

मग आला २०२३ चा नोव्हेंबर. क्लबचे अध्यक्ष टॉम वर्नर म्हणाले की, यंदा आम्ही 'फुल थ्रॉटल' जाणार. हे दोन शब्द बॉस्टनच्या माणसानं उशाशी घेतले. फुल थ्रॉटल! जपानचा यामामोतो येणार, अमका येणार, तमका येणार. यामामोतो ३२ कोटी ५० लाख डॉलर घेऊन लॉस एंजेलिसला गेला. सिग्नलला उभी असलेली रिक्षाही ॲक्सिलरेटर पिळते. आवाज चौकभर जातो, रिक्षा तिथेच. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कळलं की आलाय लुकास जोलिटो, दोन वर्षांचे ३ कोटी ८५ लाख. आणि गेलाय सेल, अटलांटाला. नुसता नाही, वर १ कोटी ७० लाख डॉलर बांधून दिले. पाठवणी शिदोरीसकट.

दुकानात आनंद मावेना. "सुटलो एकदाचे!" न्हावी म्हणाला. कोपऱ्यातल्या पोस्टमननं टाळी दिली. सेलच्या बदल्यात जो व्हॉन ग्रिसम आला, तो कसा पुढची दहा वर्षं दुसरा बेस सांभाळणार, यावर त्या दिवशी एकमत झालं. या दुकानातलं हे माझ्या आठवणीतलं एकमेव एकमत.

मार्चमध्ये जोलिटोचं कोपर गेलं. एकही सामना न खेळता वर्ष संपलं. ग्रिसम ३१ सामने खेळला, सरासरी .१९०, म्हणजे शंभरदा गेला तर एकोणीसदा फटका. आणि सेल? १८ विजय, ३ पराभव, २२५ बळी आणि साय यंग, म्हणजे पिचरांचा सर्वोच्च किताब. त्यातही बराचसा पगार बॉस्टनच्या खिशातून. पोस्टमन म्हणाला, "मी म्हणालोच होतो, सेलला सोडू नका." न्हाव्यानं कात्री थांबवून आरशातून त्याच्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. वस्तरा हातात असलेल्या माणसाला बोलायची गरज पडत नाही.

तर बाबांनी ऐकलं ते भांडण वर्षभरानंतरचं. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनं त्या हंगामात १२१ सामने हरण्याचा आधुनिक काळातला विक्रम केला होता. त्या बुडत्या जहाजावरचा एकच चांगला माणूस, गॅरेट क्रोशे, बॉस्टननं उचलला. बदल्यात आपल्या मळ्यातली चार पोरं दिली. मळा म्हणजे खालच्या दर्जाचे संघ, जिथे अठरा-वीस वर्षांची मुलं पिकायला ठेवतात. यातल्या एकाही पोराला दुकानातल्या कुणी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण चौघांची नावं, गावं आणि शाळेतले आकडे सगळ्यांना पाठ. "चार! चार पोरं दिली!" पोस्टमन असा कळवळला, की बाबांना वाटलं, त्याच्या घरी काही बरंवाईट झालंय. त्यात क्रोशेचं कोपर २०२२ मध्ये एकदा उघडून झालेलं. "शिवलेलं कापड नव्याच्या भावात घेतलं," हे न्हाव्याचं मत.

पोरांवरच्या या मायेला मोठा इतिहास आहे. १९९७ मध्ये माँट्रियलहून पेद्रो मार्टिनेझ आणला तेव्हा कार्ल पवानो आणि टोनी आर्मस ज्युनियर ही दोन पोरं गेली. पवानोसाठी तेव्हा लोकांनी डोळे पुसले होते. पेद्रोनं पुढे १९९९ आणि २००० असे लागोपाठ दोन साय यंग घेतले. पवानोची गोष्ट मात्र बॉस्टनला जास्त आवडते. २००४ च्या डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कच्या यांकीजनी, म्हणजे बॉस्टनच्या हाडवैऱ्यांनी, चार वर्षांसाठी ३ कोटी ९९ लाख ५० हजार डॉलरना घेतलं. बाटाच्या चपलेसारखी किंमत. चार वर्षांत तो २६ सामने खेळला. आपला पिचर चालण्यापेक्षा शेजारच्याचा मोडण्यात जे सुख आहे, त्याला इंग्रजीत शब्द नाही म्हणतात. आपल्याकडेही नाही, पण आपल्याला शब्दावाचून अडत नाही.

त्या हिवाळ्यातल्या उरलेल्या खरेदीचा हिशेब झटपट सांगतो, कारण झटपटच निकाल लागला. सगळ्यांना हवा होता कॉर्बिन बर्न्स. तो सहा वर्षांचे २१ कोटी घेऊन ॲरिझोनाला गेला तेव्हा "मालक चिक्कू" म्हणून दुकानात ओरडा झाला. जूनमध्ये बर्न्सच्या कोपरावर टॉमी जॉन. ओरडा अचानक थांबला आणि मालक दूरदृष्टीचे ठरले. वॉकर ब्यूलर आला, एका वर्षाचे २ कोटी १० लाख आणि वर चिल्लर. ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा शेवटचा बळी यानंच घेतला होता, त्यामुळे त्याचं स्वागत जावयासारखं. दर नऊ डावांमागे साडेपाच धावा देऊन झाल्यावर ऑगस्टमध्ये जावयाला दार दाखवलं.

आणि अरोल्डिस चॅपमन. जुना यांकी, सदतिशीकडे झुकलेला. शिवाय घरगुती हिंसाचाराविषयीच्या नियमाखाली २०१६ मध्ये ३० सामन्यांचं निलंबन भोगलेला. त्याला घेतल्यावर दुकानात दोघातिघांनी खरोखर मनापासून नाकं मुरडली. म्हणाले, याच्यासाठी टाळी वाजवणार नाही. चॅपमननं हंगाम असा टाकला की नऊ डावांमागे १.१७ धावा. तत्त्व मेपर्यंत टिकलं. जूनमध्ये त्यांच्याच टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या. मी हे वरच्या खुर्चीत बसून सांगत नाही. टाळ्यांमध्ये मीही होतो.

क्रोशे? १८ विजय, २५५ बळी, शिवाय सहा वर्षांचा १७ कोटींचा करार. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात त्यानं न्यूयॉर्कला जाऊन यांकीजना लोळवलं. पुढचे दोन सामने बॉस्टन हरलं, कारण क्रोशे रोज टाकू शकत नाही. जोलिटो टाकू शकला असता. त्या वर्षी तो बराही खेळला होता, पण प्लेऑफच्या तोंडावर त्याचं कोपर पुन्हा बोललं. चार पोरांचं नाव आता दुकानात कुणी काढत नाही. पोस्टमननं तर क्रोशेच्या नावाचा शर्ट घेतलाय.

मालक कधीकधी हात सैल सोडतात, नाही असं नाही. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाकाशी नुसतं बोलता यावं म्हणून त्याच्या जपानी क्लबला बोली लावली ५,११,११,१११ डॉलर आणि ११ सेंटची. गणेशोत्सवाच्या पावतीवर शोभावा असा आकडा. करार वेगळा, ५ कोटी २० लाखांचा. दोन वर्षं तो उत्तम टाकत होता आणि मग, ओळखा पाहू, कोपर. उलट १९९६ मध्ये रॉजर क्लेमेन्स संपत आला, असं ठरवून त्याला जाऊ दिलं. संपत आलेल्या क्लेमेन्सनं त्यानंतर चार साय यंग जिंकले. आणि १९१९ च्या डिसेंबरात बेब रूथ नावाचा पिचर १ लाख डॉलरना न्यूयॉर्कला विकला, त्यानंतर विजेतेपदासाठी २००४ उजाडावं लागलं. रूथ डावखुरा. सेल डावखुरा. क्रोशे, चॅपमन, दोघेही डावखुरे. त्यामुळे या शहरात डावखुरा माणूस रस्त्यानं चालला तरी लोक वळून बघतात.

हिवाळाभर मालक गुळाची ढेप फोडतो आणि एकेक खडा चाहत्याच्या कोपराला लावतो. जीभ पोचत नाही हे चाहत्याला ठाऊक असतं. तरी मान वाकडी करून बघतोच.

२०२५ च्या नोव्हेंबरात सेंट लुइसहून सनी ग्रे आणल्याची बातमी आली. मी दुकानात पोचायच्या आधी नाशिकहून फोन. लेकीची चौकशी नाही, थंडीची नाही.

"ग्रे घेतला म्हणे. छत्तीसचा आहे. आणि त्या लोकांनी वर २ कोटी डॉलर दिलेत. कुणी फुकट का देईल? खोट असणार."

"बाबा, आपण सेलला पाठवताना असेच दिले होते."

पलीकडे शांतता. मग, "कोपर बघितलंय ना पण नीट?"

हे वेड त्यांना कधी लागलं, ते मला नेमकं माहीत आहे. फेब्रुवारी २०२५. फेनवे पार्कबाहेर दरवर्षी एक दिवस लोक जमतात. बॅटी, चेंडू, हातमोजे भरलेला एक ट्रक सरावासाठी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला निघतो, दीड हजार मैलांवर. त्याला निरोप द्यायला माणसं थंडीत उभी राहतात, पोरांना खांद्यावर घेतात, झेंडे हलवतात. खेळाडू एकही नाही. फक्त ट्रक. पालखीचं प्रस्थान पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, म्हणून बाबांना मुद्दाम नेलं होतं. माकडटोपी, दोन स्वेटर, वर माझं जाकीट. पोस्टमनही होताच. ट्रकमध्ये अजून एक पिचर हवा होता, असं तो ट्रककडे बघून म्हणाला.

भोंगा वाजला. ट्रक हळूहळू वळणावर आला. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि कोपरापर्यंत हात बाहेर काढून गर्दीला हलवला.

बाबा माझ्या कानाशी वाकले. "डावखुरा दिसतोय."